डोळा लवणे : एक शब्दप्रयोग आणि त्याच्याआड दडलेल्या व्याधी

मराठीत वेळेचे सर्वांत लहान माप पापणीवरून घेतलेले आहे. एखादी गोष्ट अत्यंत त्वरेने घडली हे सांगावयाचे असेल, तर ती ‘पापणी लवते न लवते तोच’ घडली असे म्हणतात. संस्कृतातही हेच झालेले आहे. ‘निमिष’ अथवा ‘निमेष’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ पापणी मिटणे एवढाच. ‘क्षण’ हा अर्थ त्यास मागाहून येऊन चिकटला. मनुस्मृतीतील कालगणनेत १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक मुहूर्त आणि ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र धरले आहे. गुणाकार केला असता एका अहोरात्रात ४,८६,००० निमेष येतात; म्हणजे एका निमेषाच्या वाट्यास सुमारे ०.१८ सेकंद येतो. आधुनिक उपकरणांनी मोजलेली पापणीची एक उघडझाप ०.१ ते ०.४ सेकंदांची भरते. हा मेळ योगायोगाचा असण्याचा संभव अधिक, कारण १८ आणि ३० हे आकडे मोजणीपेक्षा गणिताच्या सोयीतून आलेले दिसतात. तथापि माप निवडणाऱ्याची नजर चुकलेली नव्हती, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

पापणीची ही हालचाल मर्त्यपणाची खूण मानली गेली. देवांच्या पापण्या लवत नाहीत म्हणून ते ‘अनिमिष’. माशांच्या लवत नाहीत म्हणून कोशकारांनी तेच नाव त्यांनाही दिले. महाभारतातील नलोपाख्यानात चार देव नलाचे रूप धारण करून स्वयंवरास येतात, तेव्हा दमयंती ज्या खुणांवरून खरा नल ओळखते त्यांत पापणीचे लवणे ही एक आहे. मनुष्य जागा असताना त्याची पापणी मिनिटास साधारणपणे १५ ते २० वेळा लवते. वाचताना हे प्रमाण उतरते, बोलताना चढते. ह्यांतील बहुतेक वेळा त्यास त्याचा पत्ताही नसतो.

येथपर्यंत जे लवणे सांगितले ते निरोगी डोळ्याचे. परंतु मराठीत हाच शब्द दुसऱ्या एका अनुभवासाठीही वापरला जातो. ‘सकाळपासून डोळा लवतो आहे’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्यास नेहमीची उघडझाप अभिप्रेत नसते. पापणीच्या एखाद्या कोपऱ्यात, मनात नसताना, काहीतरी थरथरते आहे असे त्यास सांगावयाचे असते. ऐकणारा बहुधा विचारतो, ‘कोणता? उजवा की डावा?’ हा प्रश्न शकुनाचा आहे. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, ह्याच्या उलट अशुभ, हा संकेत फार जुना. रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनातील सीतेचा डावा डोळा लवतो आणि सुवार्ता जवळ आल्याचे सुचवितो. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंतासमोर जाऊ लागलेल्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, आणि पुढे काय होणार हे प्रेक्षकास तेथेच कळून चुकते. संस्कृतात ह्या क्रियेस ‘स्फुरण’ म्हणतात. मराठीने तो शब्द घेतला खरा, पण तो काव्य आणि शौर्य ह्यांच्या स्वाधीन केला. मराठीत कविता स्फुरते, बाहू स्फुरतात; डोळा मात्र लवतोच.

वैद्यकातही पहिला प्रश्न हाच आहे : कोणता डोळा, एक की दोन्ही? शकुनशास्त्र तेथे थांबते. वैद्य पुढे विचारतो की हे किती दिवस चालू आहे, झोपेत थांबते काय, गाल आणि ओठ ओढला जातो काय, आणि डोळा नुसता थरथरतो की मिटूनच जातो. ह्या प्रश्नांची आवश्यकता अशी की ‘डोळा लवतो’ ह्या एकाच शब्दप्रयोगाच्या आड निदान तीन निरनिराळ्या अवस्था उभ्या आहेत. पहिली निरुपद्रवी आहे. दुसरीचे मूळ बहुधा मेंदूच्या बुडाशी मज्जातंतूवर टेकलेल्या रक्तवाहिनीत असते. तिसरीत डोळे संपूर्णपणे निरोगी असूनही मनुष्य आंधळ्यासारखा होतो.

ह्या अवस्थांकडे वळण्यापूर्वी मराठी क्रियापदाच्या एका लकबीकडे लक्ष देणे इष्ट आहे, कारण रुग्णाच्या पुष्कळशा दुःखाचे मूळ तीत सापडते. ‘मिटणे’ हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘त्याने डोळे मिटले’ आणि ‘त्याचे डोळे मिटले’ ह्या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप तेच राहते. बदलतो तो केवळ सर्वनामाचा प्रत्यय. पहिल्या वाक्यात कर्ता आहे आणि त्याची इच्छा आहे. दुसऱ्यात जे होते ते आपोआप होते. परंतु डोळ्यासंबंधीचे आपले बहुतेक वाक्प्रचार पहिल्या जातीचे आहेत : डोळेझाक करणे, कानाडोळा करणे, डोळे मिटून घेणे, डोळा मारणे. डोळ्याचे मिटणे म्हणजे कोणाची तरी करणी, असा मराठी भाषकाच्या मनाचा कल ह्या वाक्प्रचारांनी घडविलेला आहे. त्यामुळे रुग्ण ‘माझे डोळे मिटतात’ असे सांगतो आणि ऐकणारा ‘हा डोळे मिटतो’ असे ऐकतो. वैद्यकाच्या इतिहासातही ह्या एका प्रत्ययाचीच चूक दीर्घकाळ होत राहिली. ती कशी झाली, हे पुढे येईलच.

पापणीचे मिटणे आणि उघडणे ही दोन वेगळ्या स्नायूंची कामे आहेत. डोळ्याभोवती कंकणासारखा एक चपटा स्नायू बसलेला असतो. तो आकसला की डोळा मिटतो. प्रस्तुत लेखात त्यास कंकणस्नायू म्हटले आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी सातवी त्यास आज्ञा पोहोचविते, आणि तीच चेहऱ्याच्या इतर स्नायूंनाही चालविते. वरची पापणी उचलणारा स्नायू निराळा असून त्याचा संबंध तिसऱ्या जोडीशी आहे. निरोगी उघडझापेत एक आकसू लागताच दुसरा ढिला पडतो. हा क्रम सांभाळण्याचे काम मेंदूत होते, आणि बहुतेक वेळा जाणिवेपर्यंत येतही नाही.

पहिली अवस्था सर्वपरिचित आहे. एकाच डोळ्याच्या, बहुधा खालच्या, पापणीत कंकणस्नायूचे काही तंतू आपापल्या लयीत थरथरू लागतात. रुग्णास ही थरथर फार मोठी भासते. आपल्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत असणार अशी त्याची खात्री होते. प्रत्यक्षात आरशाजवळ गेल्यावाचून ती बहुधा दिसतही नाही. जागरण, थकवा, मनावरील ताण, डोळ्यांचा अतिरिक्त वापर आणि चहा-कॉफीचा अतिरेक ही कारणे सांगितली जातात. पुरावा सर्वांचा सारखा नाही, परंतु झोप वाढविणे आणि चहा कमी करणे ह्यांत गमावण्यासारखेही काही नाही. काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत ही थरथर जशी आली तशी निघून जाते. ह्याच काळात एखादे शुभ किंवा अशुभ वर्तमान यावयाचेच. शकुनाची प्रतिष्ठा बव्हंशी ह्या हिशेबावर टिकलेली आहे. थरथर कित्येक आठवडे टिकली, चेहऱ्याच्या इतर भागात उतरली किंवा डोळा मिटू लागला, तर मात्र ती ही अवस्था नव्हे असे समजावे. लहान मुलांत वारंवार पापण्या मिचकावण्याची जी सवय दिसते तिची गोष्टही वेगळी. तीत आधी मिचकावण्याची ऊर्मी येते आणि थोडा वेळ ती आवरताही येते. चष्म्याचा नंबर, डोळ्यांची खाज ह्यांचीही तेथे तपासणी करावी लागते.

दुसरी अवस्था चेहऱ्याच्या एकाच बाजूची. तिचा आरंभही बहुधा खालच्या पापणीच्या थरथरीने होतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ती पहिलीसारखीच वाटते. पुढे मात्र झटके गालात, ओठाच्या कोपऱ्यात, कधी मानेपर्यंत उतरतात. डोळा मिटतो आणि त्याच क्षणी तोंड त्या बाजूस ओढले जाते. हे झटके झोपेतही पूर्णपणे थांबत नाहीत. सातवा मज्जातंतू मेंदूच्या खोडातून जेथे बाहेर पडतो तेथे त्याचे आवरण नाजूक असते. त्या ठिकाणी एखादी धमनी त्यावर टेकून ठोके देत राहिली, की तंतूंतील संदेश शेजारच्या तंतूंत शिरू लागतात, आणि डोळ्याची आज्ञा ओठालाही जाते. जर्मन वैद्य शुल्त्से ह्यांनी १८७५ साली एका रुग्णाच्या शवविच्छेदनात ह्या मज्जातंतूवर दाब देणारी फुगलेली धमनी पाहिल्याचे नमूद केले होते. परंतु त्या निरीक्षणाचा उपचाराशी मेळ बसावयास पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकन शल्यविशारद पीटर जॅनेटा ह्यांनी १९६० नंतरच्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखाली कानामागून कवटी उघडून, ती धमनी बाजूस सारून, मध्ये मऊ गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तिने बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबतात. मात्र ऐकू येण्याचा मज्जातंतू अगदी शेजारी असल्याने त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा धोका राहतो.

ह्या व्याधीची एक खूण फ्रेंच वैद्य बाबिन्स्की ह्यांनी १९०५ साली टिपली. डोळा मुद्दाम घट्ट मिटला असता भुवई खाली येते. ह्या झटक्यात डोळा मिटत असतानाच त्या बाजूची भुवई वर चढते. दोन्ही क्रिया एकाच बाजूला, एकाच क्षणी, मुद्दाम करून दाखविणे जवळजवळ अशक्य आहे. ‘त्याने’ आणि ‘त्याचे’ ह्यांतील भेद चेहऱ्यावर इतका स्पष्ट क्वचितच लिहिलेला असतो. भर रस्त्यात, बसमध्ये किंवा कचेरीत एकच डोळा मिटणाऱ्या मनुष्याकडे लोक कोणत्या अर्थाने पाहतात हे सांगणे नको. ‘डोळा मारणे’ ह्या वाक्प्रचारात जो आरोप आहे तो ह्या रुग्णास, विशेषतः स्त्रीरुग्णास, वर्षानुवर्षे झेलावा लागतो.

तिसऱ्या अवस्थेचे नाव युरोपीय वैद्यकात ‘ब्लेफरोस्पॅझम’ असे आहे. ग्रीक भाषेत ‘ब्लेफरॉन’ म्हणजे पापणी आणि ‘स्पॅझमॉस’ म्हणजे ओढले जाणे किंवा आकसणे. मराठीत पोटरीला पेटका येतो, खोकल्याची उबळ येते, घशाला उचकी लागते. परंतु पापणी घट्ट आकसून बसण्याला स्वतंत्र शब्द नाही. ‘पापणीमिट’ असा साधा सामासिक शब्द येथे वापरला आहे. ‘दातखीळ’ हा शब्द ज्या मराठीने घडविला तिला हा जड जाऊ नये. ‘निमेष’ हा आयता शब्द का घेऊ नये, असा प्रश्न येथे उद्भवेल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापण्यांच्या २१ रोगांत ‘निमेष’ नावाचा रोग खरोखरच आलेला आहे. वायू पापणीतील सिरांत शिरून पापण्या अतिशय हालवितो, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. हे वर्णन पापणीमिटीच्या आरंभाशी चांगले जुळते. पण ते त्रोटक असून एकपक्षी झटक्यालाही लागू पडू शकेल. दोन्ही एकच आहेत असे ठासून सांगणे म्हणजे पूर्वजांच्या पदरी त्यांनी न केलेला दावा बांधणे होय. सुश्रुताने केलेला दावा वेगळा आणि अधिक प्रांजळ आहे : वातजन्य नेत्ररोगांतील जे चार बरे होत नाहीत म्हणून त्याने सांगितले, त्यांत निमेष एक आहे.

पापणीमिट बहुधा वयाच्या पन्नाशीनंतर सुरू होते आणि स्त्रियांत अधिक आढळते. प्रारंभी डोळ्यांत कचकच, कोरडेपणा आणि उजेड सहन न होणे एवढीच तक्रार असते. उघडझाप वाढते. रुग्ण डोळ्यांत थेंब घालतो, चष्मा बदलतो, चष्मा पुन्हा बदलतो. पुढे दोन्ही डोळे काही सेकंद मिटून राहू लागतात, आणि मग हे सेकंद वाढत जातात. रस्ता ओलांडताना, वाहन चालविताना, वाचताना, उन्हात पाऊल टाकताना ते नेमके मिटतात. दृष्टी तपासावी तर ती उत्तम असते. काही रुग्णांवर बोटांनी पापण्या उचलून धरून घरात वावरण्याची पाळी येते. झोपेत मात्र हे सर्व शांत असते.

ह्या व्याधीचा सर्वांत विलक्षण भाग असा की तिला क्षणभर फसविता येते. कानशिलाला किंवा भुवईला बोट लावले, काही चघळले, गुणगुणले, शीळ घातली, किंवा नुसते बोलावयास आरंभ केला, तरी पुष्कळांचे डोळे उघडतात. निरोगी मनुष्यात उघडझाप बोलताना वाढते; ह्या व्याधीच्या पुष्कळ रुग्णांत ती स्वस्थ बसले असता अधिक असते आणि बोलू लागताच उतरते. वाणीचा आणि पापणीचा हा संबंध भाषाशास्त्रज्ञाचे कुतूहल जागे करणारा आहे. रुग्णाला मात्र तो घातक ठरला. वैद्यासमोर बसून तो आपली हकीकत सांगू लागे आणि तेवढ्या वेळापुरते त्याचे डोळे नीट उघडे राहत. चिंतेने व्याधी वाढते, लक्ष दुसरीकडे गेले की कमी होते, डोळ्यांत दोष सापडत नाही, आणि परीक्षेच्या वेळी लक्षण अदृश्य होते. ह्यावरून निष्कर्ष काढावयाचा तो काढला गेला. विसाव्या शतकाचा मोठा भाग ह्या रुग्णांना मानसिक रुग्ण ठरविण्यात गेला. ज्या गोष्टींकडे डोळे उघडून पाहण्याची त्यांस इच्छा नाही त्यांकडे ते डोळेझाक करतात, अशा थाटाची स्पष्टीकरणेही झाली. वाक्प्रचाराला निदान समजण्याचा हा प्रकार होता.

अपवाद होते. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ आँरी मेझ ह्यांनी १९१० साली चेहऱ्याच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना येणाऱ्या अशा आकसण्याचे वर्णन केले. त्यांत डोळे मिटण्याबरोबर जबडा आणि तोंड ह्यांचीही अनिच्छ हालचाल होती. १९११ साली जर्मन वैद्य ओपेनहाइम ह्यांनी ‘डिस्टोनिया’ हा शब्द बनविला. तो मात्र सर्वांग पिळवटणाऱ्या एका वेगळ्या व्याधीसाठी होता. ही दोन टोके एकत्र आणण्याचे काम १९७६ साली लंडनच्या डेव्हिड मार्सडेन ह्यांनी केले. पापणीचे आणि जबड्याचे हे आकसणे मनाचा खेळ नसून प्रौढ वयात चेहऱ्यापुरता प्रकट झालेला डिस्टोनियाच होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. ह्या व्याधीला त्यांनी चित्रकार ब्रॉयगल ह्याचे नाव दिले. ब्रसेल्सच्या संग्रहालयात ब्रॉयगलच्या नावावर असलेल्या एका लहानशा चित्रात डोळे घट्ट मिटलेला आणि तोंड ताणून उघडलेला मनुष्य आहे. चित्राचे प्रचलित नाव ‘जांभई देणारा’. त्यास जांभई आली होती की व्याधी होती हे आता कोण सांगणार? नाव टिकले ते मेझचे. तथापि मार्सडेन ह्यांच्या लेखाने रुग्णाच्या वाक्यातील ‘माझे’ हा शब्द अखेर ऐकला गेला.

त्यानंतरच्या प्रयोगांनी ह्या मतास बळ दिले. भुवईजवळच्या मज्जातंतूस विजेचा सूक्ष्म धक्का दिला की पापणी आपोआप मिटते. लगोलग दुसरा धक्का दिल्यास निरोगी मनुष्यात प्रतिसाद बराच मंद होतो, कारण मेंदू मध्ये लगाम घालतो. पापणीमिटीच्या रुग्णांत हा लगाम सैल आढळतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींचे नियमन करणाऱ्या गाभ्यांशी ह्या दोषाचा संबंध लावतात. डोळ्यांचा कोरडेपणा किंवा प्रकाशाची असह्यता ह्यांनी त्यात भर पडते, एवढे मान्य आहे. परंतु संपूर्ण कारणमीमांसा अद्याप हाती आलेली नाही. काही मानसोपचाराच्या औषधांनीही दीर्घकाळाने हीच लक्षणे उद्भवतात. म्हणून रुग्ण पूर्वीपासून कोणती औषधे घेत आहे हे विचारल्यावाचून निदान पुरे होत नाही.

अमेरिकेत ह्या व्याधीचे रूढ नाव ‘बिनाइन इसेन्शियल ब्लेफरोस्पॅझम’ असे आहे. ह्या नामकरणाचे कौतुक करणे कठीण आहे. वैद्यकात ‘इसेन्शियल’ म्हणजे कारण ठाऊक नसलेला, आणि ‘बिनाइन’ म्हणजे जीव न घेणारा. रुग्ण त्याचा अर्थ ‘सौम्य’ असा घेतो आणि आपल्या आंधळेपणाशी त्याचा मेळ घालू पाहतो. मॅटी लू कोस्टर ह्या बाईंनी, ज्या स्वतः ह्या व्याधीने ग्रस्त होत्या, १९८१ साली टेक्ससमधील बोमाँट येथे रुग्णांची आणि संशोधनाची एक संस्था स्थापन केली. तिच्या नावातही हे दोन्ही शब्द निमूटपणे येऊन बसले.

उपचाराचा इतिहास प्रारंभी कठोर आहे. सातव्या मज्जातंतूत मद्यार्क टोचून तो निकामी करणे, त्याच्या शाखा तोडणे, पुढे कंकणस्नायूच कापून काढणे असे उपाय योजले गेले. तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांचा उपयोग थोड्यांना आणि थोडाच होई. गुंगी आणि विस्मरण मात्र पुष्कळांच्या वाट्यास येई. बदल घडला तो एका विषामुळे. जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांतात खराब सॉसेज खाल्ल्याने माणसे पक्षाघाताने मरत. तेथील वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर ह्यांनी १८२० च्या सुमारास ह्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला, आणि असे विष अत्यल्प प्रमाणात औषध म्हणून उपयोगी पडावे असा तर्कही मांडला. १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीस आलेल्या वादकांना हॅम खाऊन विषबाधा झाली, तेव्हा फान एर्मेंगेम ह्यांनी त्या विषाचा जनक जंतू शोधून काढला. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोट्युलस’ म्हणतात. विषाचे नाव त्यावरून ‘बोट्युलिनम’ असे पडले. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूकडे ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते तेव्हा स्नायू आकसतो. हे विष ते सुटणेच बंद करते.

सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट ह्यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेवाचून उपाय हवा होता. एडवर्ड शान्ट्स ह्यांनी शुद्ध केलेले विष त्यांनी प्रथम माकडांच्या आणि पुढे माणसांच्या नेत्रस्नायूंत टोचले. माणसांवरील प्रयोगांचा वृत्तान्त १९८० साली प्रसिद्ध झाला. पापणीमिटीवर त्याचा गुण त्याहून अधिक ठळक दिसला. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकन शासनाने तिरळेपणा आणि पापणीमिट ह्यांसाठी त्यास मान्यता दिली, आणि एकपक्षी झटक्यांनाही त्याचा लाभ होऊ लागला. त्या वेळी औषधाचे नाव डोळ्याच्या लॅटिन नावावरून घेतलेले ‘ओक्युलिनम’ असे होते. ते पुढे पुसले जाऊन ‘बोटॉक्स’ झाले. व्हँकूव्हरच्या नेत्रवैद्य जीन कॅरथर्स ह्यांच्याकडे ह्याच उपचारासाठी येणाऱ्या एका रुग्णाने आपल्या कपाळावरील आठ्या गेल्याचे सांगितले, आणि त्यातून सुरकुत्यांचा उद्योग उभा राहिला. अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली ती २००२ साली, म्हणजे डोळ्यानंतर १२ वर्षांनी. आज मात्र वैद्याने हे नाव उच्चारताच रुग्ण संकोचतो, आणि घरची माणसे हा तारुण्य टिकविण्याचा खटाटोप काय म्हणून विचारतात. ज्या औषधाचे पहिले नाव डोळ्यावरून पडले त्याची ही गत व्हावी, हा शब्दांच्या इतिहासातील एक उपहासच होय.

प्रत्यक्ष उपचार थोडक्यात होतो. अतिशय बारीक सुईने कंकणस्नायूत चार-सहा ठिकाणी औषधाचे सूक्ष्म थेंब सोडतात. वरच्या पापणीचा मध्यभाग मुद्दाम टाळतात, कारण तेथून औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूत झिरपल्यास पापणी लोंबते. गुण दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो, एक-दोन आठवड्यांत पुरा येतो आणि सुमारे तीन महिने टिकतो. तोपर्यंत मज्जातंतू नवीन अंकुर फोडून स्नायूशी पुन्हा संधान बांधतात, आणि सुई पुन्हा घ्यावी लागते. पापणी काही आठवडे लोंबणे, डोळे कोरडे पडणे, क्वचित एकाच्या दोन वस्तू दिसणे हे दोष उद्भवले तरी औषधाबरोबरच ओसरतात. व्याधी ह्याने नाहीशी होत नाही. ती दडपली जाते. परंतु सुश्रुताने ज्यास असाध्य म्हटले त्यासारख्या दुखण्यात वर्षातून चार वेळा सुई घेऊन बहुसंख्य रुग्ण पुन्हा रस्ता ओलांडू लागतात, वाचू लागतात. गुलाबी छटेचे विशिष्ट चष्मे आणि डोळे ओलसर ठेवणारे थेंब ह्यांची जोड उपयुक्त ठरते. सुईने पुरेसा गुण न आल्यास स्नायू काढण्याची शस्त्रक्रिया आजही केली जाते.

काही रुग्णांत कंकणस्नायू आकसलेला दिसत नाही, तरीही डोळे उघडत नाहीत. पापणी उचलणाऱ्या स्नायूस आज्ञाच पोहोचत नाही. गोल्डस्टाइन आणि कोगन ह्यांनी १९६५ साली ह्यास ‘पापणी उघडण्याचा ॲप्रॅक्सिया’ म्हटले. ॲप्रॅक्सिया म्हणजे शिकलेली क्रिया करता न येणे. पापणी उघडणे कोणी शिकत नाही, म्हणून हे नाव अनेकांस पटलेले नाही. व्यवहारात महत्त्वाचे एवढेच की नेहमीच्या जागी दिलेली सुई येथे अपुरी पडते आणि पापणीच्या कडेजवळ, केसांच्या रांगेलगत दिलेली पुष्कळदा लागू पडते. चष्म्याच्या चौकटीस पापणी तोलून धरणारी बारीक तार बसवूनही काहींचे भागते.

निदान अद्यापही चुकते, आणि त्याचे कारण बहुधा तेच जुने असते : रुग्ण बोलू लागतो आणि डोळे उघडतात. म्हणून जाणता वैद्य त्यास काही मिनिटे गप्प बसवितो, उजेडाकडे तोंड करावयास सांगतो, डोळे घट्ट मिटून एकदम उघडावयास लावतो, आणि त्या वेळी भुवई वर जाते की खाली येते हे पाहतो. ह्याहून सोपा उपाय आता घरोघरी आहे. मुलाने किंवा सुनेने दुपारच्या उन्हात, अंगणात उभ्या असलेल्या रुग्णाचे, त्याच्याशी एक शब्दही न बोलता, भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांचे चित्रण करावे आणि ते वैद्यास दाखवावे.